नाव घेऊन मागा

आर्वीला नोकरी लागली आणि खोली शोधत मी ज्या दारात जाऊन उभी राहिले, त्या दारातल्या माणसाने मला पहिल्याच वाक्याला पकडलं. मी म्हटलं, "काकाजी, ते वरच्या खोलीचं विचारायचं होतं."

"ते म्हनजे?"

"म्हणजे... खोली."

"मंग खोलीचं विचाराचं हाये, असं म्हना. ते कायले आनलं मधात?"

भर उन्हात, हातात बॅग, घशाला कोरड, आणि समोर ही परीक्षा. मी सेलू तालुक्यातली, फटकळपणात आम्हीही काही मागे नाही. उलटून बोलणारच होते, तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "पोरीले पहिले पानी त घ्या इचारून. शाळा मंग भरवजा." आणि पाण्याचा गडवा घेऊन काकू बाहेर आल्या. मी पाणी प्यायले आणि त्या घरात राहिले. काकूंमुळे राहिले आणि काकाजींमुळे पस्तावले, असं मी पहिले काही महिने गावाकडे सगळ्यांना सांगत असे. आता त्या दोघांसाठी जीव तुटतो आणि पस्तावल्याचं काही म्हणजे काही आठवत नाही.

काकाजी आर्वीच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांनी उभी नोकरी केलं. निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज भोंग्याचाच राहिला होता. ते घरात मीठ मागायचे आणि शेजारची बाई मीठ घेऊन यायची. खिडकीवर लोक यायचे ते घाईत, पिशव्या सांभाळत, आणि विचारायचे, "ते गाडी गेली का?" काकाजी मान वर करत नसत. "कोनती?" "तेच, आमची." "तुमच्या गावाले नाव हाये का नाई? आष्टीची म्हना, तळेगावची म्हना. नाव घेऊन मागा." गावाचं नाव तोंडातून निघाल्याशिवाय उत्तर मिळत नसे. लोक वैतागायचे, शिव्या घालायचे, पण नाव घ्यायचे. आर्वीच्या आसपासच्या खेड्यांत असं एक घर नसेल, जिथे काकाजींचा उद्धार झाला नसेल.

असा माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? बायकोच्या मागे लागणार. तसे ते काही दिवस लागलेही. मग लेकीने त्यांच्यापुढे आपला कॉलेजातला जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. लेक पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती. यंत्र इतकं म्हातारं झालेलं की पडद्यावर चित्रं उमटेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून तिने त्यात फुकट मिळणारी एक हलकी प्रणाली घातली आणि बापाला काळी खिडकी दाखवून दिली. ती खिडकी आणि हे काकाजी, ही गाठ वरूनच मारलेली असणार.

आपण सगळे कॉम्प्युटरवर काय करतो? चित्रावर बाण नेतो आणि टिचकी मारतो. काकाजींच्या पडद्यावर चित्र नव्हतंच. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. त्या रेघेपुढे इंग्रजी अक्षरांत हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचा. इथे काय काय आहे ते दाखव, याला एलएस. त्या खणात जा, याला सीडी. याची नक्कल काढ, याला सीपी. इथून उचल आणि तिथे ठेव, याला एमव्ही. प्रत्येक हुकमामागे ज्याचं काम त्याचं नाव लिहायचं. नाव चुकलं तर यंत्र सांगतं, असं इथे कोणी नाही. काकाजींना याचाच केवढा आनंद! "पाह्य," मला म्हणायचे, "आता मी खिडकीच्या भाईर उभा हाओ आन आतमधी हा बसला हाये. नाव घेऊन विचारलं त सारं सांगते. ते ते केलं त हालत नाई. माह्याच जातीचा हाये."

माऊस त्यांनी काढून खुंटीला टांगून ठेवला होता. माझ्या ऑफिसात, म्हणजे सोयाबीन-कापसाच्या एका अडत्याच्या दुकानात, मी दिवसभर माऊसच चालवत असे. हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर आमच्या घरी एकदा मी शिळी भाकर पाहुण्याला वाढली तेव्हा आईने टाकली होती.

"बोट दाखवते तो गिऱ्हाईक," काकाजी म्हणाले. "हॉटेलात जाते आन म्हनते, ते द्या, ते पिवळं. ज्याले नाव ठाऊक हाये तो घरचा."

"मले गिऱ्हाईकच राहू द्या काकाजी," मी म्हटलं, "घरच्याले भांडे घासा लागते." काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

यंत्रावर ते करत तरी काय होते? सगळं तेच, जे तुम्ही-आम्ही करतो. लेकीने पाठवलेले फोटो वर्षावार खणांत लावायचे. गाणी वाजवायची. पेनड्राइव्हवर कोणाला भजनं भरून द्यायची. लाइटच्या बिलाची नक्कल शोधायची. पण प्रत्येक हुकूम टाइप करता करता मोठ्याने पुकारायचे. "सीडी! फोटो! केळझर! एलएस!" रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, यांच्या अंगणातून केळझरची गाडी सुटते आहे. वैशाखात कूलरसमोर बसून, कानाला दुपट्टा गुंडाळून, हा माणूस यंत्राला गाड्या लावल्यासारखा कामाला लावत असे.

पुढे पुढे सारं घरच त्या शिस्तीत गेलं. यंत्रात एखादी वस्तू कुठे आहे हे सांगायचं तर मुळापासून वाट सांगावी लागते: या खणात, त्याच्या आत त्या खणात, त्याच्या आत अमुक. काकाजी मला मेथीचे दाणे आणायला पाठवायचे तेही तसंच. "घर, सयपाकघर, फडताळ, वरचा खन, मेथी." मधली एखादी पायरी गाळून "काकाजी, मेथी दिसत नाई" म्हटलं की उत्तर यायचं, "मुळापासून जा." पहिल्यांदा मला चीड यायची. मग एकदा मी स्वतःलाच फोनवर गावाकडच्या भावाला सांगताना ऐकलं, "घर, माजघर, कपाट, खालचा खण, माझी मार्कशीट," आणि कपाळावर हात मारून घेतला.

हुकमात सीडी आणि पुढे दोन टिंबं लिहिली की यंत्र एक पायरी मागे जातं. काकाजींना हे दोन टिंबांचं प्रकरण फार आवडलेलं. एका चतुर्थीला आम्ही तिघं एसटीने केळझरला गणपतीला गेलो. टेकडीच्या पायऱ्यांवर ही गर्दी. मागच्या एका धिप्पाड माणसाचा पाय काकूंच्या पायावर पडला, आणि त्याला पत्ताच नाही. काकाजी त्याच्या कानाशी गरजले, "टिंब टिंब!" त्या बिचाऱ्याला कुठलं कळायला? पण आवाज असा होता की तो खरोखर एक पायरी मागे सरकला, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं. काकू पायाचा अंगठा चोळत म्हणाल्या, "देवाले नोका सांगू टिंब टिंब, नाई त आपल्यालेच वापस पाठवन."

आणखी एक हुकूम होता, पीडब्ल्यूडी. सडका बांधणारं खातं नव्हे. मी या घडीला कुठल्या खणात उभा आहे, असं यंत्राला विचारायचं असेल तर हा. काकाजी काहीही करण्याआधी तो मारायचे. "मानसानं पहिले पाहावं, आपन कुठं हाओत." मी दुकानातून तणतणत घरी आले, अडत्याने काही टाकून बोललेलं असलं, की जिन्याखालून प्रश्न यायचा, "पीडब्ल्यूडी?" म्हणजे पोरी, तू घरी आलीस की अजून दुकानातच आहेस? मी म्हणायची, "दुकानात." मग ते काकूंना सांगायचे, "चहा मांड, पोरगी अजून आली नाई." चहा पिऊन होईपर्यंत मी आलेली असे. आता नागपुरात मी एका मोठ्या ऑफिसात आहे, लिफ्टने वर जाते, लिफ्टने खाली येते, आणि मी कुठे आहे हे मला कोणी विचारत नाही. कधी कधी संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना तो आवाज ऐकू यावा असं फार वाटतं.

काम झालं की ते यंत्र काही बोलत नाही. चुकलं तरच बोलतं. काकाजींच्या मते हा सभ्यपणाचा कळस होता. काकू म्हणायच्या की हा गुण यंत्राने यांच्याकडूनच घेतला. पाटवडीचा रस्सा ओरपून काकाजी मुकाट हात धुवायचे, आणि काकू मला डोळ्याने खुणावायच्या: "गप हायेत म्हनजे झालं बरं." पण या गप्प राहण्याने एकदा काकाजींनाच दगा दिला. लाइटच्या जुन्या बिलांच्या नकला टाकून द्यायच्या होत्या. पुसायचा हुकूम आरएम. त्यापुढे बिल असं लिहून लगेच चांदणीचं चिन्ह जोडलं, तर बिलाने सुरू होणारं सगळं पुसलं जातं. त्यांच्या हातून बिल आणि चांदणीच्या मधे एक मोकळी जागा पडली. सुट्या चांदणीचा अर्थ होतो, इथलं सगळं. यंत्राने सगळं पुसलं आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिलं. त्यात खणात लावायचे राहिलेले लेकीच्या लग्नाचे फोटो होते.

मी दुकानातून आले तर काकाजी डोकं धरून बसलेले. त्या खिडकीला कचरापेटी नसते, फेकलं ते फेकलं, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. जेवायला उठेनात. काकू म्हणाल्या, "फोटो गेले, लेक त हाये ना जाग्यावर? का आता दुसऱ्यांदा लावाचं तिचं लगन?" लेकीकडे सगळे फोटो होते, तिने पाठवलेही, पण काकाजी किती तरी दिवस मोकळ्या जागेचं बटण दाबताना आधी थांबायचे. त्यानंतर त्यांचा नवा नियम झाला. पुसायच्या आधी त्याच शब्दांनी एलएस मारायचा आणि काय काय पुसलं जाणार ते बघायचं. "फेकाच्या आधी पाह्य, काय फेकून राह्यला." काकू भाजी निवडायला बसल्या की देठ टाकण्यापूर्वी मुद्दाम ताट त्यांच्यापुढे धरायच्या, "पाहून घ्या जी, फेकू का?"

काकूंनाही त्यांनी ती खिडकी शिकवली होती. काकूंचं शिक्षण बेताचं, पण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला त्या लेकीसाठी शिकलेल्या. सकाळी अंगण झाडून झालं की ओले हात पदराला पुसत यायच्या आणि दोन बोटांनी टकटक करत भजनं लावायच्या. त्यांना टॅबचं बटण फार आवडे. नावाची पहिली एकदोन अक्षरं लिहून ते दाबलं, की उरलेलं नाव यंत्र आपणच पुरं करतं. त्या अक्षरांची नावं एकाहून जास्त असली, तर ती सगळी समोर मांडून थांबतं. "हे बरं हाये," काकू म्हणायच्या, "अर्धं बोलावं मानसानं, बाकीचं समजून घ्यावं समोरच्यानं."

आता पुढचं सांगायला हवं.

एक दिवस आम्ही जेवायला बसलो होतो. काकू वाढत होत्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, फडताळाकडे बोट केलं आणि काकाजींना म्हणाल्या, "ते द्या."

"ते म्हनजे?" काकाजी सवयीने म्हणाले. "नाव घे."

काकूंनी तोंड उघडलं. बोट तसंच फडताळाकडे. मी पाहिलं, तिथे पळी होती, रोज त्यांच्या हातात असणारी. काकूंच्या ओठांची हालचाल झाली, आणि काही आलं नाही. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग बोट खाली घेतलं आणि वाटीनेच वरण वाढलं. काकाजी ताटाकडे पाहत राहिले. मी पळी आणून दिली, नाव न घेता.

अशा गोष्टी वाढत गेल्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, आधी वस्तूंची नावं जातील, मग हळूहळू माणसांची. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही. परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसून मजेत बाहेर बघत होत्या. काकाजी त्यांना प्रत्येक गावाचं नाव सांगत होते, आवाज अगदी खाली आणून. त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंचे शब्द चालले होते आणि काकाजींना त्यांतला एकही जाऊ द्यायचा नव्हता. त्यानंतर त्या घरात दुसरं काही महत्त्वाचं उरलं नाही.

आधी त्यांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे शाळा भरवली. रोज सकाळी काकूंना घरभर फिरवायचे. हे काय? गडवा. हे काय? सूप. हे? काकू थोडा वेळ सांगायच्या, मग दमायच्या, मग चिडायच्या. एकदा त्या माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, दार लाव वं. थो मास्तर येते." मी दार लावलं. काकाजी जिन्यापर्यंत आले होते, त्यांनी ते ऐकलं असणार. ते तसेच परत खाली गेले आणि शाळा त्या दिवशी बंद झाली.

नंतर त्यांनी जे केलं ते मी रोज जेवताना पाहत असे. काकू म्हणायच्या, "मि..." आणि अडायच्या. काकाजी घाई करायचे नाहीत. थोडं थांबून, भोंग्याचा आवाज न लावता, एकेक नाव पुढे ठेवायचे. "मीठ? मिरची? मिक्सर?" बरोबर नाव आलं की काकूंचा चेहरा उजळायचा आणि त्या ते नाव स्वतः म्हणायच्या. मग काकाजी माझ्याकडे बघून हलकेच म्हणायचे, "टॅब." एकदा चुकून त्यांनी 'मिक्सर'च्या पुढे 'मिशा' असंही म्हटलं, आणि काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. असं हसणं त्या घरात पुन्हा ऐकायला मिळालं याचंच मला रडू आलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

यंत्रावर मात्र काकूंचं अडू लागलं. गाण्यांचा हुकूम त्यांना आठवेना. काकाजींनी त्या लांब हुकमाला टोपणनाव दिलं. तशी सोय त्यात असते. 'गाने' एवढंच लिहिलं की भजनं सुरू. 'लेक' लिहिलं की लेकीने फोनवरून पाठवलेल्या निरोपांचा आवाज सुरू, "आई, जेवली का?" वगैरे. काही महिने ते चाललं. मग काकू 'गाने'ऐवजी 'गान' लिहू लागल्या. काकाजींनी 'गान'लाही तोच हुकूम जोडला. मग नुसतं 'गा'. तेही जोडलं. ज्या माणसाने आयुष्यभर एक अक्षर चुकीचं खपवून घेतलं नाही, तो आता काकूंची प्रत्येक चूक बघून यंत्राला सांगत होता की हेही बरोबर समज.

माझी नागपूरची नोकरी तेव्हाच लागली आणि मी आर्वी सोडली. सुटी मिळाली की जात असे. अशाच एका खेपेला मी गेले तर काकू यंत्रासमोर बसलेल्या. त्यांनी दोन बटणं दाबली, टी आणि ई. 'ते' एवढंच लिहिलं आणि एंटर मारला. मी काकाजींकडे पाहिलं. यंत्रातून भजन सुरू झालं.

"काकाजी, तुमी 'ते' चालवून घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं," ते म्हणाले. "घड्याळ पाहाले लावलं त्याले. सकाळी तिचं 'ते' म्हनजे गानं असते. दुपारी 'ते' म्हनजे लेकीचा आवाज. दिवेलागनीले तिले काहीच नाई पायजे असते, म्हनून तवा मशीन गपच राह्यते." मग दुपट्ट्याने चष्मा पुसत म्हणाले, "खरं सांगू का तुले? खिडकीवर मले सारं समजे. ते गाडी म्हनजे कोनती, हे मानूस पाहूनच समजे. डोक्शावरचा फडका पाहून समजे कोन्या गावचा हाये. तरी मी नाव वदवून घेओ. काऊन घेओ, काय ठाऊक. मले वाटे, नाव घेतलं म्हनजे मानूस नीट उभा राह्यते."

भजन चालू होतं आणि काकू बोटाने टेबलावर ताल धरत होत्या.

पुढच्या पावसाळ्याआधी काकू गेल्या. काकाजींना लेक पुण्याला घेऊन गेली, आणि त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मी काकाजींना फोन करते. ते मोजकं बोलतात. पण मला सांगायचं आहे ते काकू असतानाचं, शेवटच्या हिवाळ्यातलं, मी गेले होते त्या सकाळचं.

त्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या वयाच्या बायका घेत नसतच, पण काकूंचा निग्रह भारी. लग्नाकार्यात बायकांनी गळ घातली तर उखाणासुद्धा नाही, "मले नाई येत बा" म्हणून पळ काढायच्या. दवाखान्यात कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की माझ्याकडे बघायच्या, "सांग ना वं पोरी." साऱ्या तालुक्याला नावं घ्यायला लावणाऱ्या काकाजींचं घरात काही चाललं नाही. त्यांनी यंत्र उघडण्याचा परवलीचा शब्द म्हणून मुद्दाम स्वतःचं नाव ठेवलं होतं, म्हणजे भजनं ऐकायची तर ते लिहावं लागणारच. काकूंनी लिहिलं, ओठ घट्ट मिटून. "बोटानं घेतलं त चालते," त्या मला म्हणाल्या होत्या, "तोंडानं नाई."

तर त्या सकाळी अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. काकू सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. बोटांना सगळं आठवत होतं, दाणे पटापट सुपात पडत होते. काकाजी समोर खुर्चीवर. मी जिन्याच्या पायरीवर. काकू मधेच थांबल्या आणि काकाजींकडे निरखून पाहू लागल्या. डोक्यावर पदर सारखा केला.

"तुमी कोनाकडले पाहुने?" त्यांनी विचारलं.

मी उठून म्हणणार होते, काकू, असं काय करता, हे... पण काकाजींनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि मला थांबवलं. ते खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. पुकारा केल्यासारखं नाही. एखाद्या परक्या घरी अदबीने सांगावं तसं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग ते नाव म्हणून पाहिलं. फक्त पहिलं नाव, मोठ्याने, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, ते नाव मी पोस्टमनच्या तोंडून ऐकलं होतं, लाइटच्या बिलावर वाचलं होतं. ते इतकं सुरेख आहे हे मला ठाऊक नव्हतं. इथे मी ते लिहिणार नाही.

"चांगलं नाव हाये," काकू म्हणाल्या. "कोनं ठेवलं?"

"आत्यानं."

"हाये का आत्या?"

"नाई. गेली."

काकूंनी वाईट वाटल्यासारखी मान हलवली. मग सूप थोडं पुढे सरकवलं, पुन्हा नाव घेतलं आणि म्हणाल्या, "बसलेच आहात त शेंगा सोलू लागता का थोड्या?"

काकाजी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. उभ्या संसारात ते काकूंना 'तू'च म्हणत आले होते.

"सोलतो ना," ते म्हणाले. "पन तुमी नाव अखीन एक बार घ्या."

काकूंनी घेतलं.